सह्याद्री कोणत्या खिडकीतून दिसतो?

विमानातून डोंगर पाहायचे तर खिडकीजवळची जागा मिळाली एवढ्यावर भागत नाही. खिडकी डोंगराच्या बाजूची हवी, सूर्य पाठीशी हवा आणि मध्ये विमानाचा पंख नको. या तीन गोष्टी जुळल्या तर कोल्हापूर किंवा बेळगावहून मुंबईला जाणाऱ्या तासाभराच्या प्रवासात वारणा, कोयना, प्रतापगड आणि रायगड असा सह्याद्रीचा मोठा पट्टा डोळ्यांखालून जातो. त्या चुकल्या तर त्याच विमानात, त्याच रांगेत पलीकडे बसलेल्या प्रवाशाला उन्हाची तिरीप आणि धुरकट माळ एवढेच दिसते. तिकीट काढताना नकाशा आणि घड्याळ यांचा पाच मिनिटे विचार केला, की यातले बरेचसे आपल्या हाती येते.

सदलगा हे चिकोडी तालुक्यातले दूधगंगेकाठचे गाव. इथून, तसेच बोरगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातून विमानाने जायचे तर दोन विमानतळ सोयीचे पडतात. जवळचा कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा. तो राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ मध्ये सुरू झाला आणि त्याची नवी इमारत मार्च २०२४ मध्ये खुली झाली. दुसरा बेळगावजवळचा सांबरा. तो दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये ब्रिटिश हवाई दलाने बांधला. आजही तिथे भारतीय हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. उजळाईवाडी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, तर सांबरा सुमारे ७५० मीटरवर. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण सह्याद्री कोणत्या बाजूने किती उंच वाटतो याचे उत्तर त्यांच्यातच आहे.

या भागात सह्याद्रीची मुख्य धार साधारण ९०० ते १,००० मीटर उंचीची आहे. पूर्वेकडचे पठार आधीच सहा-सातशे मीटर उंच असल्याने त्या बाजूने पाहणाऱ्याला धार केवळ दोन-तीनशे मीटर वर उठलेली दिसते. टेकड्यांच्या ओळी, त्यांच्यामध्ये नद्यांची खोरी आणि खोऱ्यांत साठलेली धरणे असे ते सौम्य रूप असते. पश्चिमेकडे मात्र कोकणाची जमीन समुद्रसपाटीच्या जेमतेम वर असते, आणि तिथून धार एकदम आठशे-नऊशे मीटर उभी चढते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाचे थर या उभ्या कड्यांत आडव्या पट्ट्यांसारखे उघडे पडले आहेत. म्हणजे डोंगर एकच असला तरी पाहायला त्याची दोन रूपे आहेत: पूर्वेकडून पाण्याचे आणि जंगलाचे, पश्चिमेकडून कड्यांचे. मुंबईचे विमान वाटेत धार ओलांडत असल्याने एकाच प्रवासात दोन्ही रूपे समोर येतात; पण एका बाजूच्या खिडकीतून दोन्ही दिसत नाहीत. बाजू ठरवताना खरी निवड करायची ती याचीच.

बाजू ठरवण्याची रीत सोपी आहे. नकाशावर निघण्याचे ठिकाण आणि पोहोचण्याचे ठिकाण यांवर पट्टी ठेवावी आणि रेघ मारावी. प्रवासाच्या दिशेला तोंड केले आहे असे समजून रेघेच्या डाव्या हाताला काय येते आणि उजव्या हाताला काय येते ते पाहावे. विमानातही नाकाकडे तोंड करून डावे-उजवे मोजतात आणि आसनांची अक्षरे डावीकडून सुरू होतात. सहा आसनी रांगेत डावी खिडकी ए आणि उजवी खिडकी एफ असते. लहान विमानांत शेवटचे अक्षर वेगळे असू शकते, म्हणून आसनांचा आराखडा पाहूनच नक्की करावे.

सांब्र्याहून मुंबईपर्यंतची सरळ रेघ सुमारे ४०० किलोमीटरची आहे आणि ती वायव्येकडे झुकत उत्तरेला जाते. विमान उठल्यावर थोड्याच वेळात डाव्या हाताला बेळगावला पाणी पुरवणारे राकसकोपचा जलाशय आणि त्यामागे चंदगडकडचे डोंगर येतात. उजव्या हाताला घटप्रभेवरचे हिडकल धरण. निपाणी उजवीकडे आणि रेघेच्या अगदी जवळ आहे. त्याच सुमारास उजवीकडे, पण बरेच दूर, सदलग्याचा ऊसपट्टा असतो. डावीकडे त्याच दूधगंगेचा वरचा भाग असतो. काळम्मावाडीचे धरण आणि त्याच्या शेजारचा राधानगरीचा जलाशय रेघेपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर आहेत, त्यामुळे हवा स्वच्छ असली तर डोंगरांच्या कुशीत चकाकणारे पाणी ओळखता येते. ज्यांच्या शेताला हे पाणी मिळते त्यांनी ते निदान एकदा वरून पाहावे. नदी डोंगरातून कशी सुटते, वेदगंगा तिच्या शेजारून कशी येते आणि भोजजवळ दोघी कशा मिळतात, हे नकाशापेक्षा खिडकीतून लवकर समजते.

पुढे पन्हाळा जवळजवळ रेघेवरच येतो, आणि इथे एक अडचण उभी राहते. विमानाच्या बरोबर पोटाखाली असलेली गोष्ट कोणत्याच खिडकीतून दिसत नाही. पाच किलोमीटर उंचीवरून उडताना दोन्ही बाजूंना काही किलोमीटरचा पट्टा विमानाच्या अंगाआड जातो. सर्वांत चांगले दिसते ते दहा ते तीस किलोमीटरवरचे. म्हणून बेळगावच्या विमानातून पन्हाळा दिसेलच असे नाही. कोल्हापूरच्या विमानातून तो डाव्या खिडकीत सुमारे दहा किलोमीटरवर, माथ्यावरच्या सपाटीसह नीट दिसू शकतो.

पन्हाळ्यानंतर डावीकडचा भाग फार सुंदर आहे. दूर विशाळगडाच्या बाजूचे तुटलेले डोंगर, मग वारणेवरचा चांदोलीचा जलाशय आणि त्याला वेढून असलेले दाट जंगल. चांदोली आणि कोयना मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प होतो. ही दोन्ही जंगले, राधानगरी आणि कास असे महाराष्ट्रातले चार भाग २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. त्या चारही ठिकाणांचा परिसर या एका रेघेच्या डाव्या-उजव्या बाजूंना येतो. जंगलात मधूनच तपकिरी, सपाट, झाडे नसलेले माथे दिसतात. ते जांभ्या दगडाचे सडे. पावसाळा संपताना त्यांच्यावर गवत आणि फुले असतात, पण एवढ्या उंचीवरून फुले कळत नाहीत, फक्त रंगाची छटा कळते.

कोयनेच्या धरणाची भिंत सांब्र्याच्या सरळ रेघेखालीच येते. तिच्यामागचा शिवसागर जलाशय मात्र अरुंद आणि लांबच लांब, उत्तरेकडे तापोळ्यापर्यंत पसरलेला आहे. रेघ त्याच्या पश्चिमेने निघून जाते, त्यामुळे हे पाणी बेळगावच्या प्रवाशाला उजवीकडे दिसते. कोल्हापूरची रेघ थोडी पूर्वेकडून येते. म्हणून त्या विमानातून धरणाची भिंत आधी डावीकडे असते, मग विमान जलाशयावरून तिरके जाते आणि वरचा भाग उजवीकडे येतो. पाणी दऱ्यांच्या तोंडातोंडात शिरलेले असल्याने या जलाशयाचा आकार पंजाच्या बोटांसारखा दिसतो, आणि एकदा पाहिला की दुसऱ्या कोणत्याही धरणाशी त्याची गल्लत होत नाही. पुढच्या सगळ्या खुणा शोधायला हा पक्का ठिय्या आहे.

दोन्ही रेघा वासोट्याच्या आसपास सह्याद्रीची धार ओलांडतात. या क्षणी डाव्या-उजव्याचा हिशेब उलटतो. तोपर्यंत डोंगर डावीकडे होता, आता तो उजवीकडे जातो. डावीकडे कोकणाच्या टेकड्या, खाड्या आणि त्यांच्यापलीकडे समुद्र उरतो. उजवीकडे आधी महाबळेश्वरचे पठार आणि त्याच्या अलीकडे प्रतापगड, मग सावित्रीच्या खोऱ्यापलीकडे रायगड. रायगड रेघेपासून दहा किलोमीटरच्या आसपास येतो. भोवतीच्या डोंगरांपासून सुटा उभा असलेला, चहूबाजूंनी कडे असलेला तो माथा वरून पाहिला म्हणजे शिवाजी महाराजांनी राजधानीसाठी हीच जागा का निवडली असेल याचा विचार आपोआप मनात येतो. त्याच्यामागे, आणखी आत, तोरणा आणि राजगडाची रांग असते. दिवस अगदी स्वच्छ असला तरच ती ओळखू येते.

रायगड ते मुंबई अंतर हवेतून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे या टप्प्यावर विमान उतरू लागलेले असते आणि तपशील जवळ येऊ लागतात. मुंबईत वारा बहुधा पश्चिमेचा असतो, म्हणून विमाने पूर्वेकडून वळसा घेऊन उतरतात. या वळणात कर्नाळ्याचा सुळका, कधी माथेरानचे पठार आणि त्याभोवतीचे कडे पाहायला मिळतात. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत उजवीकडे पवई आणि विहार तलावांसह राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असते आणि डावीकडे चेंबूर, तुर्भ्याची बाजू.

हे सगळे वर्णन सरळ रेघेचे आहे. प्रत्यक्षात विमाने ठरलेल्या हवाई मार्गांनी जातात, आणि गर्दी, ढग किंवा वारा पाहून नियंत्रक त्यांना दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे वळवतात. एवढ्या फरकाने रायगड पोटाखाली जाऊ शकतो. यावर एक चांगला उपाय आहे. फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळांवर त्याच क्रमांकाचे विमान आदल्या दोन-चार दिवसांत कोणत्या वाटेने गेले याची रेघ पाहायला मिळते. नकाशावरच्या सरळ रेघेपेक्षा तिच्यावर विसंबणे केव्हाही चांगले.

बाजूनंतर प्रश्न येतो सूर्याचा, आणि सह्याद्रीच्या बाबतीत तो बाजूइतकाच महत्त्वाचा आहे. ज्या दिशेला सूर्य असतो तिकडे पाहिले की हवेतली धूळ आणि बाष्प उजळून पांढरा पडदा तयार होतो, डोंगरांच्या फक्त आकृत्या उरतात आणि खिडकीवरचे ओरखडे तेवढे ठळक दिसतात. सूर्य पाठीशी असला तर तेच डोंगर रंग, पोत आणि सावल्यांसह उघडतात. सह्याद्री दक्षिणोत्तर पसरलेला असल्याने सकाळी त्याची पूर्व बाजू उजळते आणि दुपारनंतर पश्चिमेची.

आता दोन्ही हिशेब एकत्र केले की उत्तर मिळते. सकाळच्या विमानाने मुंबईला जाताना डावी खिडकी घ्यावी. नजर पश्चिमेकडे, सूर्य पाठीशी, आणि राधानगरीपासून कोयनेपर्यंतचे जंगल आणि पाणी उजेडात. धार ओलांडल्यावर उजवीकडचे कडे या वेळी स्वतःच्याच सावलीत असतात, त्यामुळे ते चुकले तरी फार नुकसान नाही. दुपारी तीननंतरच्या विमानाला मात्र उजवी खिडकी. पहिला अर्धा प्रवास साधा जातो, पण वासोट्यानंतर मावळतीचे ऊन थेट कड्यांवर पडलेले असते आणि थरांच्या आडव्या रेषा एकेक करून मोजता येतात. परतीच्या प्रवासात बाजू उलटतात: दुपारी मुंबईहून निघताना डावीकडे कडे उजळलेले असतात, आणि सकाळी निघाल्यास धार ओलांडल्यावर उजवीकडे जलाशय. निवड करायचीच असेल तर दुपारचे विमान आणि कड्यांची खिडकी अधिक मोलाची. जलाशय रस्त्याने जाऊनही पाहता येतात. सह्याद्रीची सलग भिंत एका नजरेत दिसेल अशी जागा जमिनीवर कुठेच नाही.

सूर्याच्या विरुद्ध बाजूला बसण्याचा आणखी एक लाभ आहे. खाली ढगांचा सपाट थर असला तर त्याच्यावर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. हेच इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून धुक्यात ते क्वचित दिसते, तर विमानातून पावसाळ्याच्या अखेरीस बऱ्याचदा. ढगांमुळे डोंगर दिसले नाहीत तरी या बाजूचा प्रवासी रिकाम्या डोळ्यांनी उतरत नाही.

तिसरी गोष्ट विमानाची जात. या बाबतीत सरहद्द भागातले प्रवासी सुदैवी आहेत, कारण लहान विमानतळांवर लहान विमाने येतात आणि डोंगर पाहायला ती मोठ्या विमानांपेक्षा चांगली. एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाचा पंख खिडक्यांच्या वर असतो. खाली काहीच आड येत नाही, आणि हे विमान २५,००० फुटांच्या वर जातही नसल्याने जमीन जवळ राहते. त्याच्या पुढच्या भागातल्या काही रांगांना फिरता पंखा आणि इंजिनाचा फुगा आड येतो. मागच्या रांगांतून दृश्य मोकळे मिळते. प्रवाशांचे दार मागच्या बाजूला असल्याने या जागा चढा-उतरायलाही सोप्या.

कोल्हापूरच्या घोडावत उद्योगसमूहाच्या स्टार एअरने जानेवारी २०१९ मध्ये सेवा सुरू केली तेव्हा तिच्याकडे एम्ब्रेअर १४५ ही पन्नास आसनी विमाने होती. त्यांच्या रांगेत डावीकडे एकच आसन आणि उजवीकडे दोन असतात. डावे आसन म्हणजे खिडकीही आणि ये-जा करायची वाटही, त्यामुळे उठायला कुणाला त्रास द्यावा लागत नाही. वयस्कर माणसांसाठी ही फार चांगली सोय आहे. या विमानाची इंजिने शेपटीजवळ अंगाला चिकटलेली असतात, म्हणून शेवटच्या रांगांतून इंजिनाखेरीज विशेष काही दिसत नाही. पंखाच्या पुढची जागा घ्यावी. नंतर आलेल्या एम्ब्रेअर १७५ मध्ये दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने आहेत, पण पंख आणि इंजिन मोठ्या जेट विमानांसारखेच खिडक्यांच्या खाली. अशा सगळ्या विमानांत, एअरबस ३२० मध्येही, मधल्या रांगांतून खाली पाहिले की पंखच दिसतो. एअरबस ३२० मध्ये तो साधारण नवव्या-दहाव्या रांगेपासून विसाव्या रांगेच्या आसपास पसरलेला असतो. त्याच्या पुढच्या जागा सर्वांत चांगल्या, पण बहुधा त्यांना जादा पैसे पडतात. मागच्या जागांतूनही दृश्य मोकळे असते, फक्त इंजिनातून निघालेल्या गरम हवेमुळे तिरके पुढे पाहिल्यास दृश्य थरथरते. बोइंग ७३७ च्या पंखाजवळच्या एखाद्या रांगेत डाव्या आसनाला खिडकीच नसते, कारण तिथून वातानुकूलनाची नळी वर जाते. आसनांच्या आराखड्यात ते आसन खिडकीचेच म्हणून दाखवलेले असते.

एवढे सगळे साधले तरी ऋतू साथ देत नसेल तर काही उपयोग नाही. जून ते सप्टेंबर सह्याद्री ढगांत असतो. क्वचित ढग फाटून हिरवा उतार आणि त्यावरून घरंगळणारे धबधबे दिसतात, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे सर्वांत चांगले दिवस. पावसाने हवा धुतलेली असते, डोंगर अजून हिरवे असतात आणि जलाशय काठोकाठ भरलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी खोऱ्यांत धुके साठते. ते दृश्यही देखणे असते, माथे बेटांसारखे वर राहतात, पण धुके दाट असले तर विमानच उशिरा निघते. मार्चनंतर वणवे, धूळ आणि उन्हाचा धूसर थर वाढत जातो. एप्रिल-मे मध्ये दहा किलोमीटरवरचा डोंगरही फिका दिसतो. त्या दिवसांत तापलेली हवा वर चढत असल्याने दुपारी घाटावरून जाताना विमान हादरते. सकाळचे विमान त्या मानाने शांत जाते.

या भागातून निघणाऱ्या इतर मार्गांवर डोंगर कमी आहेत. बेळगाव किंवा कोल्हापूरहून हैदराबादला जाताना पठारच पठार आहे, आणि बेंगळुरूच्या वाटेवर घाट पश्चिमेला दूर राहतो. डोंगरासाठी पाहावेत असे जवळचे आणखी दोन मार्ग म्हणजे मुंबई-गोवा आणि पुणे-गोवा. मुंबईहून गोव्याला जाताना विमान कोकणावरून जाते: डावीकडे सह्याद्रीची भिंत, उजवीकडे समुद्र. दुपारी डावी बाजू घ्यावी. पुण्याहून गोव्याला जाताना रेघ जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते आणि गगनबावड्याच्या आसपास धार ओलांडते. तोपर्यंत डोंगर उजवीकडे असतो, म्हणून सकाळी उजवी खिडकी.

हिमालयाचा विचार याहून सोपा आहे. नेपाळ, सिक्कीम आणि भूतानच्या पट्ट्यात तो पूर्व-पश्चिम पसरलेला आहे आणि विमाने त्याच्या दक्षिणेने जातात. सूर्य दिवसाचा बराच वेळ दक्षिणेला असतो. म्हणजे डोंगराकडे तोंड केले की सूर्य बहुतेक वेळ पाठीशीच, मग बाजू तेवढी बरोबर निवडली की झाले. दिल्लीहून पूर्वेकडे, म्हणजे काठमांडूला, बागडोगऱ्याला किंवा काठमांडूहून पारोला जाताना डावी खिडकी. परत येताना उजवी. काठमांडूच्या वाटेवर धौलागिरी, अन्नपूर्णा आणि मनास्लू हे आठ हजार मीटरवरचे डोंगर डावीकडे येतात. बागडोगऱ्याच्या वाटेवर एव्हरेस्ट आणि कांचनजंगा. एव्हरेस्टची २०२० मध्ये जाहीर झालेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे, तरीही त्याला ओळखणे अवघड जाते. ते विमानाच्या रेघेपासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर असते, आणि दक्षिणेकडून पाहिल्यास ल्होत्से आणि नुप्त्से यांची भिंत त्याच्या पुढे येते. त्याच्या उजवीकडचा, सुटा उठून दिसणारा टोकदार मकालू अनेकांना एव्हरेस्टच वाटतो. कांचनजंगा मात्र ओळखायला सोपा आहे, कारण बागडोगऱ्याजवळ त्याच्या आसपास तेवढे मोठे दुसरे काही नाही.

काठमांडूहून सकाळी केवळ डोंगर दाखवण्यासाठीही विमाने सुटतात. ती साधारण तासाभरात पूर्वेकडे जाऊन परत येतात. जाताना हिमालय डावीकडे आणि येताना उजवीकडे असल्याने दोन्ही बाजूंच्या प्रवाशांना पाळीपाळीने तो दिसतो, आणि प्रत्येकाला खिडकीची जागा देण्याचीच पद्धत आहे. इथे बाजू ठरवण्यासाठी धडपड करण्याचे कारण नाही. पंखाचा तेवढा विचार करावा.

लेहचा प्रवास वेगळा आहे, कारण त्यात विमान हिमालयाच्या कडेने न जाता त्याला आडवे ओलांडून जाते. ३,२५६ मीटर उंचीच्या लेह विमानतळावर दुपारी वारे उठतात आणि हवा विरळ होते, म्हणून विमाने मुख्यतः सकाळीच जातात. सकाळचा सूर्य उजवीकडे असतो, म्हणून जाताना डावी खिडकी चांगली. त्याच बाजूला नुन आणि कुन ही जोडशिखरे येतात. त्यांतले नुन ७,१३५ मीटर उंच आहे. परतीचे विमानही सकाळचेच असते, तेव्हा उजवी बाजू. श्रीनगरला जाताना हिमालय उजवीकडे राहतो, आणि तिथे दुपारचा उजेड अधिक चांगला.

जागा हाती कशी येते हा शेवटचा, पण व्यवहारातला सर्वांत मोठा प्रश्न. तिकीट काढतानाच पैसे भरून आसन निवडता येते. ते नको असेल तर ऑनलाइन चेक-इन ज्या वेळी सुरू होते त्याच वेळी ते करावे. बऱ्याच कंपन्यांत ते देशांतर्गत प्रवासासाठी ४८ तास आधी उघडते. तोपर्यंत ज्या जागा उरल्या असतील त्यांत फुकटातली खिडकीही असू शकते. तेही राहिले तर विमानतळावर लवकर पोहोचून काउंटरवर मोकळेपणाने विचारावे: मुंबईच्या विमानात डावीकडची, पंखाच्या मागची खिडकी आहे का? एवढे नेमके सांगणाऱ्या प्रवाशाला मदत करणे कर्मचाऱ्यांना सोपे जाते. आपत्कालीन दाराजवळची रांग ऐसपैस असते, पण ती पंखावर येते आणि लहान मुले, वयस्कर किंवा दार उघडण्यास मदत करू न शकणाऱ्या प्रवाशांना ती देत नाहीत.

खिडकीत बसल्यावर मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवला तरी त्याची जीपीएस यंत्रणा काचेजवळ सहसा चालते. आधी उतरवून घेतलेल्या नकाशावर आपण कुठे आहोत ते दिसत राहते, आणि खालचे धरण कोयनेचे की वारणेचे हा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. छायाचित्र घ्यायचे तर फ्लॅश बंद ठेवून कॅमेरा काचेच्या अगदी जवळ न्यावा, पण टेकवू नये, नाहीतर विमानाची थरथर चित्रात उतरते. आतले प्रतिबिंब टाळायला गडद रंगाचा कपडा उपयोगी पडतो. सांबरा, पुणे, दाबोळी, लेह, श्रीनगर, बागडोगरा ही सगळी ठिकाणे लष्करी तळांशी जोडलेली आहेत. तिथे उतरताना, उडताना आणि जमिनीवर असताना छायाचित्रे घेऊ नयेत. काही ठिकाणी तेवढा वेळ खिडकीचा पडदा खाली ठेवण्याची सूचना होते आणि ती पाळावी लागते. विमान पुरेसे उंच गेल्यावर पडदा पुन्हा उघडता येतो.